मातीचा कोट आणि माथ्यावरचे कोठार

सहाराच्या दक्षिणेकडील मुलखातून सोने, हस्तिदंत आणि गुलाम केलेली माणसे घेऊन उत्तरेस निघालेले उंटांचे काफिले द्रा नदीच्या खोऱ्यातील खजुरीच्या बनांचा आश्रय घेत हाय अ‍ॅटलास पर्वताच्या पायथ्याशी येत, आणि माराकेशला उतरण्यासाठी उनिला नदीच्या दरीतून तेलुएतच्या खिंडीकडे चढू लागत. या चढणीच्या तोंडाशी, एका टेकडीला बिलगून, ऐत बेनहद्दू हे तटबंद गाव उभे आहे. अशा गावाला मोरोक्कोत क्सर म्हणतात. आजचा प्रवासी बहुधा उलट दिशेने, माराकेशहून मोटारीने येतो. २२६० मीटर उंचीची तिझी-न-तिश्का खिंड ओलांडली, की उत्तर उतारावरील झाडी मागे राहते व उघड्या, तांबूस डोंगरांचा मुलूख सुरू होतो. वर्झाझात शहराच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडला, की थोड्याच वेळात नदीचे रुंद, बहुतेक काळ कोरडे असणारे पात्र आणि त्यापलीकडे बुरुजांची दाटी दृष्टीस पडते.

पांढऱ्या मातीच्या गढ्या, गावकूस आणि वेस ज्याने पाहिली आहे, त्या मराठी माणसाला येथे प्रथमदर्शनी फारसे परके वाटत नाही. परंतु आपली गढी देशमुखाची किंवा पाटलाची असे आणि गाव तिच्या आश्रयाने पायथ्याशी वसे. येथे श्रीमंतांचे चौबुरुजी वाडे आणि सामान्यांची लहान घरे एकाच तटाच्या आत, एकमेकांना खांदा देऊन उभी आहेत. मशीद, चौक, काफिल्यांची सराई ही सार्वजनिक स्थळे त्यांच्याच शेजारी. खळी मात्र तटाबाहेर. आणि दोन दफनभूमी, एक मुसलमानांची व दुसरी यहुद्यांची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरोक्कोतील बहुसंख्य यहुदी देश सोडून गेले. या दरीत ते पिढ्यान्पिढ्या नांदले याचा पुरावा म्हणून ती दुसरी दफनभूमी आवर्जून पाहावी.

आज उभ्या असलेल्या इमारती सतराव्या शतकाच्या मागे जात नाहीत, असे जाणकारांचे मत आहे. बांधणीचे तंत्र मात्र त्याहून पुष्कळ पुरातन. लाकडी फळ्यांचा साचा उभा करून त्यात ओलसर माती थराथराने ओतायची, जड धुम्मसांनी ती दगडासारखी घट्ट होईपर्यंत चोपायची, मग साचा उचलून पुढे सरकवायचा. साचा पेलणाऱ्या आडव्या लाकडांची भोके भिंतींवर अद्याप ओळीने दिसतात, आणि ती एकदा ओळखता आली, की एका दमात किती उंचीचे काम होत असे हे भिंतच सांगू लागते. वरचे मजले हलके असावेत म्हणून तेथे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा वापरतात, आणि बुरुजांच्या माथ्यावरील भौमितिक नक्षी हीदेखील त्याच विटांच्या मांडणीतून साधलेली असते. वर तुळया, त्यांवर बोरूंचा थर आणि त्यावर चोपलेली माती, असे सपाट छत. मराठवाड्यातील माळवदाशी त्याचे नाते सांगता येईल. वर्षाकाठी जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडणारा पाऊस या मातीला पुरेसा घातक असतो, कारण तो थोडा पडला तरी एकदम पडतो. म्हणून गवताचा भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा पुनःपुन्हा करणे हा येथील गृहस्थधर्मच होता.

या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते टेकडीच्या माथ्यावरील स्थान. आपल्या दुर्गरचनेत सर्वांत उंच आणि सर्वांत दुर्भेद्य जागा बालेकिल्ल्याची, म्हणजे राजाच्या किंवा किल्लेदाराच्या वास्तव्याची. ऐत बेनहद्दूच्या रचनाकारांनी ती जागा अगादीराला, म्हणजे गावाच्या सामायिक धान्यकोठाराला दिली. शत्रूने वेस फोडली, गल्ल्या घेतल्या, तरी शेवटी राखायचे ते कोणाचे सिंहासन नव्हे, तर पुढच्या पेरणीचे बियाणे आणि पुढच्या दुष्काळातील जव. दक्षिण मोरोक्कोतील अमाझिग (बर्बर) लोकांत ही संस्था किती परिणत होती, हे अँटी-अ‍ॅटलास पर्वतातील अगादीरांवरून कळते: प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र कुलूपबंद खोली, धान्याच्या रूपाने मेहनताना घेणारा पहारेकरी, आणि चोरी, भांडण, हयगय यांवरील दंड ठरवून देणारे लेखी नियम. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रोबेर मोंतान्य यांनी १९३० च्या सुमारास अशा एका कोठाराचा कायदा अभ्यासून प्रसिद्ध केला. सुलतानाचा अंमल या डोंगरांत कधी पोचे, कधी पोचत नसे. परंतु जमातीचा हा बंदोबस्त त्याची वाट पाहत थांबला नव्हता, आणि म्हणूनच माथ्यावरील त्या जीर्ण वास्तूपाशी मला एखाद्या सिंहासनापुढे वाटला नसता इतका आदर वाटला.

या व्यवस्थेवर पहिला आघात झाला तो बाहेरून. १८९३ साली सुलतान पहिला हसन स्वारीवरून परतताना अ‍ॅटलासच्या बर्फात अडकला, तेव्हा तेलुएतच्या मदनी अल् ग्लावी या सरदाराने त्याच्या सैन्याची सरबराई केली आणि बक्षीस म्हणून त्याला क्रुप कारखान्याची एक तोफ मिळाली. मातीच्या कोटांच्या या मुलखात तोफ असणे म्हणजे सार्वभौमत्वच असणे. मदनीचा भाऊ थामी पुढे माराकेशचा पाशा झाला, १९१२ नंतरच्या फ्रेंच अमदानीत त्याने दक्षिणेवर दीर्घकाळ हुकमत गाजवली, आणि १९५६ साली, देश स्वतंत्र होत असतानाच, तो मरण पावला. फ्रेंचांनी मोटाररस्ता तिश्काच्या खिंडीतून नेल्यामुळे उनिलाची वाट आडबाजूला पडली, आणि काफिल्यांचे उत्पन्न संपले.

मग गाव हळूहळू नदीच्या पलीकडे सरकले. तेथे वीज, शाळा, रस्ता मिळाला. जुन्या तटात मोजकी कुटुंबे उरली. या स्थलांतराला दोष देणे अन्याय्य होईल. पुरात पात्र ओलांडता येत नाही म्हणून कोणत्या आईने मुलाची शाळा बुडवावी? आता पादचाऱ्यांसाठी पूल झाला आहे. १९८७ साली हे स्थळ जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. चित्रपटवाले त्याआधीच येऊ लागले होते: १९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', नंतर २००० चा 'ग्लॅडिएटर'. चित्रीकरणासाठी उभारलेली वेस अनेक प्रवासी प्राचीन म्हणून छायाचित्रांत बंदिस्त करतात. छायाचित्रांची घाई बाजूला ठेवून जो अगादीरापर्यंत चढतो, त्यालाच हे गाव कळते.

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने हाय अ‍ॅटलासमध्ये जवळजवळ तीन हजार माणसे मृत्युमुखी पडली. ऐत बेनहद्दूतही भिंतींना तडे गेले, काही भाग कोसळले. डागडुजीसाठी सिमेंट वापरण्याचा मोह अशा वेळी प्रबळ असतो, पण सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि मागची माती भुसभुशीत करून सोडतो. पडलेल्या भिंतीची माती चाळून, भिजवून पुन्हा साच्यात चोपता येते, ही या बांधणीची मोठी सोय आहे. त्यासाठी लागणारे कारागीर नदीपलीकडील घरांतूनच तयार झाले पाहिजेत, आणि त्या कामाची मजुरी वारशाच्या नावाने येणाऱ्या पैशातून त्यांनाच प्रथम मिळाली पाहिजे.