शेणॉय, कृष्णा वॉन
शेणॉय, कृष्णा वॉन : (१९६८ – २१ जानेवारी २०२३). भारतीय वंशाचे अमेरिकन तंत्रिका वैज्ञानिक व विद्युत् अभियंते. मेंदूतील विद्युत् संकेतांचा अर्थ लावून त्यांच्या साहाय्याने संगणक चालविण्याच्या तंत्रासंबंधीच्या (मेंदू-संगणक आंतरपृष्ठासंबंधीच्या) मूलभूत व उपयोजित संशोधनाकरिता ते प्रसिद्ध आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी (१९९०) व मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची पीएच्.डी. पदवी (१९९५) त्यांनी संपादन केली. त्यानंतर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रिचर्ड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना ते तंत्रिका विज्ञानाकडे वळले. २००१ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच होते.

मेरुरज्जूला इजा झाल्यास किंवा प्रेरक तंत्रिका कोशिकांचा ऱ्हास झाल्यास मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. परंतु आज्ञा देणारा मेंदूचा भाग, म्हणजे प्रेरक बाह्यक, पुष्कळदा शाबूत असतो. या भागात सु. ४ मिमी. बाजू असलेली चौरस चकती शस्त्रक्रियेने बसवितात. तीवरील सु. १०० सूक्ष्म विद्युत् अग्रे १ ते १.५ मिमी. खोल जातात व जवळच्या कोशिकांचे आवेग टिपतात. कोणत्या हेतूच्या वेळी आवेगांची कोणती मांडणी उमटते, हे संगणकाला आधी शिकवावे लागते. मग तो मांडणीवरून हेतू ओळखतो. झाक व्हिडाल यांनी १९७३ मध्ये या कल्पनेला नाव दिले; ब्रेनगेट प्रकल्पात २००४ मध्ये अशी चकती पक्षाघात झालेल्या व्यक्तीच्या मेंदूत प्रथम बसविण्यात आली.

शेणॉय यांच्या मते केवळ अधिक अग्रे बसवून हे तंत्र सुधारणार नव्हते. मेंदू हालचाल कशी घडवितो, हे समजणे आवश्यक होते. माकडांवरील प्रयोगांत हात हलण्यापूर्वीच्या पूर्वतयारीच्या संकेतांवरूनच लक्ष्य ओळखता येते, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखविले (२००६). त्यायोगे मिळालेला वेग मिनिटाला सु. १५ शब्द लिहिण्याइतका होता. एकेक कोशिका विशिष्ट दिशा वा वेग दर्शविते, असा तोवरचा रूढ समज होता. मार्क चर्चलंड, जॉन कनिंगहॅम प्रभृतींसह केलेल्या संशोधनात (२०१२) मात्र कोशिकांचा समूह एखाद्या गतिमान यंत्रणेसारखा वागतो, असे आढळले. पूर्वतयारी ही या यंत्रणेची आरंभस्थिती असते. लंबक एका बाजूस नेऊन सोडल्यावर त्याची पुढील गती जशी ठरते, तसाच हालचालीचा क्रम तीवरून उलगडत जातो.

या ज्ञानाचा रुग्णांना प्रत्यक्ष लाभ व्हावा म्हणून तंत्रिका-शल्यविशारद जेमी हेंडरसन यांच्याबरोबर त्यांनी स्टॅनफर्ड येथे प्रयोगशाळा चालविली. २०१७ मध्ये पडद्यावरील दर्शक मनाने हलवून एका रुग्णाने मिनिटाला सु. ३९ अक्षरे टंकित केली. २०२१ मध्ये हात निकामी झालेल्या ६५ वर्षांच्या गृहस्थांनी अक्षरे हाताने लिहीत असल्याची केवळ कल्पना केली व संगणकाने मिनिटाला ९० अक्षरे ओळखली. सरळ रेषेतील हालचालींपेक्षा वळणदार अक्षरांच्या खुणा परस्परांहून अधिक भिन्न असतात, हे या यशाचे कारण होय. प्रेरक तंत्रिका कोशिकांच्या ऱ्हासाने वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या बोलण्याच्या प्रयत्नांचे रूपांतर मिनिटाला ६२ शब्द या वेगाने करण्यात यश आले. हा वृत्तांत ऑगस्ट २०२३ मध्ये, शेणॉय यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. सव्वा लाख शब्दांच्या संग्रहात सु. २४% शब्द मात्र चुकत होते. त्यांचे विद्यार्थी सर्जी स्टाव्हिस्की यांच्या गटाने २०२४ मध्ये चुकांचे हे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत खाली आणले.

या तंत्राच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. अग्रांभोवती व्रणोतक (जखम भरून आल्यावर बनणारे ऊतक) तयार होऊन कालांतराने संकेत क्षीण होतात. या प्रयोगांत वापरलेल्या साधनांच्या तारा कवटीतून बाहेर येत असल्याने संसर्गाचा धोका राहतो. वाचेचे संकेतवाचन इंग्रजीच्या ३९ स्वनिमांवर व इंग्रजी वाक्यरचनेच्या सांख्यिकीवर उभारलेले आहे. अल्पप्राण-महाप्राण व दंत्य-मूर्धन्य असे भेद असलेल्या मराठीसारख्या भाषेसाठी ते काम नव्याने करावे लागेल. मनातील हेतू वाचणाऱ्या साधनावर ताबा कोणाचा, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वरील प्रयोगांत बोलण्याचा वा लिहिण्याचा प्रयत्न रुग्ण स्वतः, संमतीने करीत होता. सर्वच विचार यंत्राला वाचता येतात, असा त्याचा अर्थ नव्हे.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडेमी ऑफ मेडिसिनचे सदस्य म्हणून शेणॉय यांची निवड झाली. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. माकडांवरील मूलभूत प्रयोगांपासून मूक झालेल्या रुग्णाच्या वाक्यापर्यंतचा मार्ग सु. दोन दशकांत आखून देणे, हे त्यांचे प्रमुख कार्य होय.