सिकलसेल म्हणजे मलेरियाचा विमा नव्हे

"सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही हो." मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, धरमपुरीच्या नर्मदाकाठच्या पट्ट्यात, भिल्ल-भिलाला आदिवासींच्या वस्त्यांतल्या आजारांचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. टाकणारा बहुधा शिकलेला असतो, त्याने उत्क्रांतीबद्दल कुठेतरी अर्धंमुर्धं वाचलेलं असतं. अडाणीपणापेक्षा हे अर्धं ज्ञान जास्त घातक. कारण ते ऐकून तापाने फणफणलेल्या सिकलसेलच्या मुलाची रक्ततपासणी दोन दिवस लांबते, आणि त्या मुलाला दोन दिवस परवडणारे नसतात.

यातलं खरं किती ते आधी पाहू. मलेरियाच्या प्रदेशात रक्ताचे आनुवंशिक विकार जास्त का आढळतात, याचं उत्तर मलेरियातच असावं, असा तर्क शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसेमिया या रक्तविकाराबद्दल मांडला. सिकलसेलपुरता पुरावा १९५४ मध्ये संशोधक अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिला. तो होता वाहकांबद्दल, रुग्णांबद्दल नव्हे. सगळा घोळ इथेच होतो.

आईबापांपैकी एकाकडूनच सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं जनुक आलं तर माणूस वाहक, म्हणजे 'एएस'. दोघांकडून आलं तर रुग्ण, म्हणजे 'एसएस'. वाहकाच्या रक्तपेशीत फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी नीट वाढू शकत नाही. त्याने ग्रासलेली पेशी वाकडी होते आणि प्लीहा ती उचलून नष्ट करते. त्यामुळे वाहकाला गंभीर मलेरियाचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी असतो. धोका कमी असतो, शून्य नसतो. डास त्यालाही चावतो, तापही येतो.

रुग्णाचं गणित अगदी उलटं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रुग्णाची जेमतेम १० ते २० दिवस. हिमोग्लोबिन आधीच तळाला गेलेलं असतं. विळ्यासारख्या पेशी अडकून अडकून प्लीहा बालपणीच निकामी होते, म्हणजे परजीवी उचलणारा अवयवच उरत नाही. अशा शरीरात मलेरिया शिरला की उरलंसुरलं रक्तही झपाट्याने घटतं आणि जीवघेण्या वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून मलेरियाच्या प्रदेशात सिकलसेलच्या रुग्णांना प्रतिबंधक औषध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्याला मलेरिया होतच नाही, त्याला हे औषध कशाला सांगितलं असतं?

"मग इतकं वाईट जनुक निसर्गाने काढून का नाही टाकलं?" हा प्रश्न रास्त आहे. एखाद्या समाजात हे जनुक दहा टक्के असेल, तर शंभरात साधारण १८ वाहक आणि एक रुग्ण निघतो. मलेरियाच्या जंगलात अठरा जण तगून राहिले, त्यांची पोरंबाळं वाढली, की एकाच्या हालअपेष्टांनी जनुक नाहीसं होत नाही. उत्क्रांती वंश किती वाढला एवढंच मोजते. कोण कण्हतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. आता मलेरिया ओसरतोय, पण जनुक लगेच ओसरत नाही. फायदा आटला तरी तोटा पिढ्यान् पिढ्या राहणार.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सिकलसेल स्पर्शाने, उष्ट्याने पसरत नाही. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो सर्वसाधारण आयुष्य जगतो. हा फक्त आदिवासींचा रोग नाही; विदर्भात बिगरआदिवासी समाजांतही आहे, ग्रीस आणि सौदी अरेबियातही आहे. 'रक्त कमी' म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. इथे पेशी फुटतात म्हणून रक्त कमी होतं, लोह कमी आहे का ते तपासूनच ठरवावं. आणि दोघे वाहक असलेल्या जोडप्याचं पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असंही नाही: प्रत्येक गरोदरपणात धोका नव्याने पंचवीस टक्केच.

तपासणी सोपी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात; नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. मात्र वाहक की रुग्ण हे या गढूळ नळीवरून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी हवीच. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या बाबतीत तर ही नळी फसवते. मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचं उद्दिष्ट चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे ठरवलं होतं.

तेव्हा लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांचे रिपोर्ट बघा. आणि घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर मच्छरदाणी आधी त्याच्या खाटेवर बांधा. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.