मरणाचे भान आणि रोजचे वागणे

वसईजवळच्या भुईगावात १९५६ साली सापडलेल्या अशोकाच्या नवव्या शिलालेखाच्या तुकड्याचा विषय आजच्या मानसशास्त्रज्ञालाही जवळचा वाटावा असा आहे. आजारपणात, मुलाबाळांच्या लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, अशी नोंद या लेखात असून त्यांचे फळ अल्पच असते, असा शेराही सम्राटाने मारला आहे.

तरीही माणूस विधी सोडत नाही. ग्रीनबर्ग, पिश्चिन्स्की आणि सॉलोमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली मांडलेल्या ‘भयनियमन सिद्धांता’नुसार, आपण मरणार हे ठाऊक असलेला माणूस ते भय आटोक्यात ठेवण्यासाठी धर्म, समाज, नीतिनियम अशा स्वतःच्या पश्चात उरणाऱ्या गोष्टींना घट्ट धरतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टक्सन शहरातील काही न्यायाधीशांना आधी स्वतःच्या मरणाविषयी लिहायला लावले, तेव्हा वेश्याव्यवसायाच्या एका काल्पनिक खटल्यात त्यांनी सरासरी ४५५ डॉलरचा जामीन ठरवला, तर इतरांनी ५० डॉलरचा. मात्र याच सिद्धांतावरचा दुसरा एक गाजलेला प्रयोग पुढे २१ प्रयोगशाळांनी करून पाहिला असता अपेक्षित परिणाम दिसला नाही, त्यामुळे असे ठसठशीत आकडे जपूनच वापरलेले बरे.

अधिक विचार करण्याजोगे काम मानसशास्त्रज्ञ फिलिप कोझोलिनो यांचे आहे. २००४ सालच्या त्यांच्या प्रयोगांत काहींना मरणाची केवळ ओझरती आठवण करून दिली गेली, तर काहींना विसाव्या मजल्यावर धुराने भरलेल्या खोलीत जाग आल्याची कल्पना करून शेवटच्या क्षणी काय वाटेल आणि मागे वळून पाहता आयुष्य कसे दिसेल, हे लिहायला सांगितले गेले. नंतर सोडतीची तिकिटे घेताना, पैसा आणि प्रतिष्ठा यांना महत्त्व देणाऱ्यांचा लोभ पहिल्या गटात अधिक, तर दुसऱ्या गटात कमी आढळला.

वसईतील ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि हिंदू घरांत सर्वपित्री अमावास्येला पान वाढले जाते, पण हे स्मरण गेलेल्यांचे असते. स्वतःच्या मरणाकडे टक लावून पाहण्याची रीत, म्हणजे मरणानुस्मृती, बौद्ध साधनेत आहे. मरणाच्या अशा तयारीची एक बौद्ध कथाही आहे: परंपरेने वसईजवळच्याच सोपाऱ्याचा मानलेला पूर्ण नावाचा व्यापारी भिक्षू झाल्यावर सुनापरान्त प्रदेशातल्या तापट लोकांत राहायला निघाला, तेव्हा ते शिव्या देतील, दगड मारतील, शेवटी जीवही घेतील तर काय, असे बुद्धाने त्याला पायरीपायरीने विचारले, आणि शेवटच्या प्रश्नालाही त्याचे उत्तर तयार आहे असे दिसल्यावरच त्याला जाण्याची अनुज्ञा दिली.