राणीच्या गल्ल्याची किल्ली

पैसे देऊन कुणी स्वतःवर हुकूम चालवून घेईल का? ऐकायला विचित्र वाटेल, पण इंटरनेटवर हा चक्क एक व्यवसाय आहे. ‘फायनान्शियल डॉमिनेशन’ हे त्याचं भारदस्त नाव. त्या जगातले लोक त्याला नुसतं ‘फिनडॉम’ म्हणतात. बाई पडद्यावर महाराणी होते, दरडावते, नजराणा मागते आणि पलीकडचा पुरुष तो खुशीनं पाठवतो. बहुतेक वेळा ना भेट, ना स्पर्श. त्याला हवा असतो तिचा हुकूम, आणि पैसे हातातून जाण्यातला थरार!

आमच्या घोडपदेवच्या चाळीतल्या एका मुलीनं मला हे सगळं समजावून सांगितलं. बी.कॉम. झालेली, चुणचुणीत पोर. यात उतरावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. ‘काकू, अशा राण्या ढिगानं आहेत. माझी राणी वेगळी कशी उठून दिसेल?’ हा तिचा प्रश्न. ऐकून मी कपाळाला हात लावला नाही. कारण मी ज्या भागात वाढले, तिथं हा प्रश्न काही नवा नाही.

घोडपदेवहून चालत जाण्याच्या अंतरावर, लालबागला, हनुमान थिएटर होतं. गिरण्यांत आणि गोदीत राबणारा, घाटावरून आलेला कामगार तिथं तमाशा बघायला गर्दी करायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या खिळखिळ्या झाल्या, तो प्रेक्षक पांगला आणि पुढे थिएटरचा पडदाही पडला. पण तमाशा आणि संगीत बारीतला एक शब्द आमच्याकडे अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे – दौलतजादा. आवडत्या नर्तकीला रसिकानं खूश होऊन दिलेले पैसे. नोट पुढे करायची, फर्माईश सांगायची. देणाऱ्याला नुसती लावणी नको असते. चारचौघांत आपलं नाव पुकारलं जावं, तिनं आपल्याकडे बघून एक मुरका मारावा, हेही त्याला हवं असतं. आज लाइव्ह व्हिडिओवर पैसे पाठवणाऱ्याचं नाव ठळक रंगात झळकतं, ते याहून वेगळं काय आहे?

मग या बायकांनी आपली ओळख कशी घडवली? आधी नाव. विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर, कांताबाई सातारकर. गाव हेच आडनाव, आणि तोच त्यांचा शिक्का! कांताबाईंचा तर जन्म गुजरातेतला, पण रंगमंचावर त्या कायम सातारकरच. नावामागोमाग खासियत येते. कुणाची अदाकारी, कुणाचा ढोलकीशी सवाल-जवाब, तर कुणी बसून बैठकीची लावणी रंगवणारी. यमुनाबाईंचं नाव त्या बैठकीच्या लावणीसाठी झालं आणि २०१२ साली पद्मश्रीपर्यंत गेलं.

‘वेगळेपण म्हणजे भडकपणा नव्हे गं,’ मी तिला म्हटलं. सुलोचना चव्हाणांचंच बघा. गिरगावात वाढलेली, संसारी बाई. डोक्यावरून पदर घेऊन गायच्या. ठसका सगळा आवाजात आणि शब्दफेकीत! आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. गाण्यातली फटाकडी वेगळी आणि घरातल्या सुलोचनाबाई वेगळ्या, हे ऐकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असायचं. मुखवटा उत्तम घडवायचा तो असा, की काम संपल्यावर तो सहज उतरवताही यावा.

पण राणी झाली म्हणून खजिना तिचा होतो का? खरी गोम इथेच आहे.

किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली आलं. नाचणाऱ्या लेकीच्या कमाईवर बाप आणि भाऊ बसून खातात, आणि तिच्या पोटच्या पोराला मात्र घरात किंमत नसते, हे त्यात वाचताना घास घशात अडकतो. फडावर पुरुष तिच्यापुढे पैसे उधळणार, घरी दुसरेच पुरुष ते मोजणार! विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. २००२ साली त्या गेल्या. त्यानंतर सरकारनं त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

कायद्याचं काय? २००५ मध्ये राज्य सरकारनं डान्स बार बंद केले. हजारो मुलींचा रोजगार रातोरात गेला. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी चुकीची ठरवली. सरकारनं पुन्हा नवे नियम आणले. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नाचणाऱ्या मुलीला टीप देता येईल, पण तिच्या अंगावर नोटा उधळता येणार नाहीत. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. हातात दिलेले पैसे ही तिच्या कामाची किंमत झाली. अंगावर फेकलेल्या पैशात फेकणाऱ्याचा माज असतो.

म्हणून त्या मुलीला मी रंगरूप, आवाज यांच्या आधी दुसऱ्याच गोष्टी विचारल्या. पैसे कुणाच्या खात्यात येणार? यूपीआयनं घेतलेस तर बँकेतलं खरं नाव समोरच्याला दिसतं, मग टोपणनाव काय कामाचं? फोन नंबर वेगळा आहे का? फोटोत मागे चाळीची गॅलरी, समोरचं दुकान दिसतंय का? ओळख पटवायला एवढंही पुरतं. कमाईवर कर भरावा लागतो, हे बी.कॉम.वालीला सांगायला नको. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमानुसार अश्लील मजकूर इंटरनेटवर टाकणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उद्या कुणी फोटोंवरून धमकावलं, तर लाजून गप्प न बसता १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक फिरवायचा, पोलिसांत जायचं.

उलट बाजूही आहे. ‘पैसे पाठव, नाहीतर तुझ्या बायकोला सांगते,’ असं राणी खरोखर म्हणाली, तर तो खेळ राहत नाही. ती खंडणी झाली. भारतीय न्याय संहितेचं ३०८ वं कलम त्यासाठीच आहे.

आणि नजराणा येतो कुठून? माझ्या लहानपणी पगाराच्या दिवशी चाळीतल्या बायका गिरणीच्या दारात उभ्या राहायच्या. नवऱ्याचा पगार गुत्त्यावर किंवा आणखी कुठे वळायच्या आत घरी यावा म्हणून. पडद्यापलीकडच्या त्या माणसाच्या घरीही अशी एखादी बाई वाट बघत असेल. मुलांची फी, घराचा हप्ता उधळायला निघालेल्याला ‘आता बस’ म्हणून हुकूम सोडणारी राणी मला अजून कुणी दाखवलेली नाही. कुणाला आपली राणी खरंच वेगळी करायची असेल, तर इथे जागा मोकळी आहे!

तिनं काय करावं, हे मी सांगितलं नाही. ती सज्ञान आहे, हिशेबात माझ्यापेक्षा हुशार आहे. पण एक गोष्ट मात्र तिच्याकडून वहीत लिहून घेतली. खातं स्वतःच्या नावावर, पासवर्ड कुणालाही नाही, अगदी ‘तो’ कितीही प्रेमाचा असला तरी. आणि ज्या दिवशी नको वाटेल, त्या दिवशी दुकान बंद करता येईल एवढी शिल्लक बाजूला. हे जमणार नसेल, तर पडद्यावर मुकुट कितीही चमकला तरी राज्य दुसऱ्याच कुणाचं असेल.