मकबऱ्याची घडी घालून पाहा

सिरसाळ्यासारख्या गावातून शाळेची सहल निघाली की वेरूळ, दौलताबाद आणि छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा ही नावे हमखास येतात. मकबऱ्यासमोर मुलांचा फोटो निघतो, ‘बघा, दोन्ही बाजू अगदी सारख्या!’ एवढे सांगून होते आणि बस पुढे निघते. सममितीचा याहून चांगला धडा मराठवाड्यात सापडणे कठीण. पण तो नीट शिकवायचा तर आधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : दोन समान भाग झाले की सममिती झाली.

वस्तुस्थिती : वहीचे पान एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके कापा. दोन्ही तुकडे सारखेच निघतील. आता दुसरे पान त्याच तिरक्या रेषेवर दुमडा. कोपरे बाहेर डोकावतात, कडेवर कड बसत नाही. म्हणजे ती रेषा सममिती अक्ष नाही. क्षेत्रफळ समान असणे वेगळे आणि घडी घातल्यावर तंतोतंत जुळणे वेगळे. ‘सारखे दिसते का?’ हा प्रश्न अपुरा आहे. मुलांना विचारायचे ते ‘दुमडल्यावर बसते का?’

गैरसमज २ : सममिती अक्ष एकच असतो, मधोमध उभा.

वस्तुस्थिती : समोरून काढलेल्या फोटोमुळे हा समज होतो. इमारत वरून पाहिली की चित्र बदलते, आणि त्यासाठी ड्रोन लागत नाही. एक चौरस कागद घ्या. मधोमध वाटी पालथी घाला, तो घुमट. चार कोपऱ्यांवर चार नाणी ठेवा, ते मिनार. हा झाला मकबऱ्याचा चौथरा. आता अक्ष मोजा : एक उभा, एक आडवा आणि दोन तिरके, असे एकूण चार.

हा चौरस एका मोठ्या कागदाच्या मधोमध ठेवा. मकबऱ्याचे आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. हे प्रमाण जवळजवळ ५ : ३ भरते, म्हणून २५ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद कागद पुरेल. आवार आयताकृती असल्याने तिरके अक्ष गळाले, उरले दोन.

पुढे दक्षिणेच्या कडेवर काडेपेटी ठेवा, ते मुख्य प्रवेशद्वार. उत्तर, पूर्व आणि पश्चिम भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या, म्हणजे खांबांचे मंडप, आहेत, तिथे एकेक बटण ठेवा. पूर्वेचे बटण पश्चिमेच्या बटणावर बसेल, पण दक्षिणेची काडेपेटी उत्तरेच्या बटणावर बसणार नाही. राहिला एकच अक्ष, उत्तर-दक्षिण. चारावरून दोन, दोनावरून एक : ही उतरंड मुलांनी स्वतःच्या हाताने मोजली की पुन्हा विसरत नाहीत.

गैरसमज ३ : सममिती म्हणजे फक्त आरशातले प्रतिबिंब.

वस्तुस्थिती : दारातल्या रांगोळीतले स्वस्तिक कुठेही दुमडा, ते जुळत नाही. पण पाव फेरा फिरवा, पुन्हा तेच स्वस्तिक दिसते. जत्रेतल्या कागदी भिरभिऱ्याचेही तसेच. ही फिरवून जुळणारी सममिती. वाटी आणि चार नाण्यांचा चौथरा दुमडूनही जुळतो आणि पाव फेरा फिरवूनही जुळतो.

गैरसमज ४ : मकबरा म्हणजे ताजमहालाची नक्कल, त्यात वेगळे शिकण्यासारखे काही नाही.

वस्तुस्थिती : मकबरा औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ उभा राहिला. तिचे निधन १६५७ मध्ये झाले. प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. ताजमहालाचा प्रभाव त्यावर आहे, यात शंका नाही. पण ताजमहालाची मुख्य वास्तू बागेच्या उत्तर टोकाला, यमुनेच्या काठी आहे, तर मकबरा बागेच्या मध्यभागी उभा आहे. शिवाय इथला संगमरवर मुख्यतः खालच्या भागात आणि घुमटावर दिसतो. मधले काम आपल्या काळ्या दगडाचे असून त्यावर चुन्याचा बारीक गिलावा आहे. त्यामुळे भूमितीच्या दृष्टीने हे दोन वेगळे धडे आहेत.

गैरसमज ५ : अशा वास्तूंची सममिती परिपूर्ण असते.

वस्तुस्थिती : ताजमहालात मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे. १६६६ मध्ये शाहजहान वारला आणि त्याची कबर तिच्या पश्चिमेला आली. बाहेर पश्चिमेच्या मशिदीचा तोल सांभाळायला पूर्वेला तशीच ‘जवाब’ नावाची इमारत उभी आहे. आत मात्र तोल मोडला. मकबऱ्याच्या चौथऱ्यावरही पश्चिमेला एक मशीद आहे. ती नंतरची भर असून निजामाच्या काळातली मानली जाते. पूर्वेला तिचा जोडीदार नाही. तुमच्या नकाशावर वाटीच्या पश्चिमेला एक खोडरबर ठेवा. उरलेला एक अक्षही गेला.

मुलांना हे मोडलेपण दाखवायला कचरू नका. सगळे जुळत असताना एकच गोष्ट जुळत नाही, तेव्हा मूल विचारते, ‘ही इथे केव्हा आली?’ गणिताच्या तासाला निघालेला हा प्रश्न इतिहासाचा आहे.

गैरसमज ६ : हे शिकवायला सहल हवीच.

वस्तुस्थिती : कागद, वाटी, नाणी, काडेपेटी, बटणे आणि खोडरबर सिरसाळ्याच्या कोणत्याही घरात मिळतात. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांसोबत फडावर राहणाऱ्या मुलालाही कोपीसमोरच्या मातीत काडीने हा नकाशा काढता येईल. मुळाक्षरांतही शोधायला लावा : छापील ‘ठ’ उभ्या घडीवर जवळजवळ जुळतो, ‘क’ जुळत नाही. आकड्यांत ‘४’ घेऊन पाहा.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. ‘दोन्ही बाजू सारख्या’ हे उत्तर मुलाला आयते देऊ नका. हातात कागद द्या, घडी घालू द्या, फिरवू द्या. आणि पुढच्या सहलीत मकबऱ्याच्या पश्चिमेला, त्या मशिदीपाशी, पाच मिनिटे जास्त थांबा.