सेट चांगला, तार कळकलेली

मासेमारीच्या छोट्या होडीवरचा वायरलेस बिघडला की पहिला आळ सेटवर येतो. खरं तर सेट असतो केबिनच्या आडोशाला, बंद डब्यात. खारा वारा खातात त्या तारा आणि जोड. बिघाड आधी तिथे शोधायला हवा. 'ऐकू येतं, पण आपलं कुणाला पोहोचत नाही' ही नेहमीची तक्रार घ्या. नुसतं ऐकताना व्हीएचएफ सेटला अर्ध्या अँपिअरच्या आसपास वीज पुरते. 25 वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर लागते. बॅटरीकडून येणारी तार बारीक, फ्यूजचा जोड गंजका, आणि दोन्ही तारांचा मिळून रोध 0.4 ओहम असेल, तर ऐकताना जेमतेम 0.2 व्होल्ट वाटेत जातात, बोलताना तब्बल दोन. बाराचे दहा उरले की सेट मान टाकतो. म्हणून मीटर बॅटरीवर नव्हे, सेटच्या मागच्या तारांवर लावायचा, अँटेना जोडलेली ठेवून आणि बोलायचं बटण दाबून. बॅटरीवर बारा दिसले म्हणून निर्धास्त होणारे इथेच फसतात.

अँटेनाकडची गोष्ट आणखी लबाड. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक कळकतं; केबलच्या टोकाला जवळपास तेच होतं. प्लगमधून पाणी आतल्या जाळीत झिरपतं, तांबं काळं-हिरवं पडतं, वरचं आवरण मात्र नवंकोरं दिसतं. कल्हईची तार, नीट दिलेला डाग आणि त्यावर ताणून गुंडाळलेली, आपली आपल्यालाच चिकटणारी रबरी पट्टी हा त्यावरचा इलाज. साधी काळी टेप उन्हात पाघळून सुटते.

यावर कुणी म्हणेल, त्यापेक्षा जास्त वॅटचा सेट घ्यावा. पण या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. चार-चार मीटर उंच अँटेना असलेल्या दोन होड्यांची गाठ साधारण नऊ सागरी मैलांपर्यंतच पडते. तिथे उंची कामी येते. आणि आहे ती ताकद तरी वर पोहोचते का? बारीक आरजी-58 केबल दहा मीटरांत तिचा तिसरा हिस्सा गिळते, जाड आरजी-213 साधारण पाचवा. जाड केबल महाग पडते, हे खरं. पण चांगला सेट उगाच बदलण्यापेक्षा स्वस्तच. राहिला मोबाइल. किनाऱ्याजवळ तो चालतो, पण वाजतो एकाच्याच खिशात. चॅनेल 16 वरची हाक टप्प्यातल्या, तो चॅनेल लावून ठेवलेल्या प्रत्येक होडीत ऐकू जाते, नंबर माहीत नसलेल्या शेजारच्या तांडेलालाही.