दिसलं नाही की नव्हतंच?

समजा, तुम्ही पश्चिम चीनमधल्या सिचुआनच्या उंचावरच्या सूचिपर्णी जंगलात उभे आहात. समोर काजळी-राखाडी पक्षी, डोकं जरा जास्तच गडद. दुर्मिळ सिचुआन जे असेल का? गंमत म्हणजे, त्याची ओळख अंगावर काय नाही यावरून पटते. सायबेरियन जेच्या पंख-शेपटीत तांबूस रंग असतो. युरेशियन जेच्या पंखावर निळा ठिपका, शेपटीच्या बुडाशी पांढरा रंग. याच्याकडे यातलं काहीच नाही. पण दाट सावलीत तांबूसही राखाडीच वाटतो! म्हणून वहीत 'तांबूस नाही' आणि 'तांबूस दिसला नाही' हे वेगवेगळं लिहा. पहिलं लिहायचं तर पंख उघडलेले पाहिले पाहिजेत. दुर्मिळ जातीच्या नोंदी मोजक्याच. त्यातली एक चुकली तरी नकाशा चुकतो.